चित्र नको, ओळ धाडा

"ते काळ्या पडद्याचं नाटक आता पुरे. एक रिमोट डेस्कटॉपचं ॲप टाक तिकडच्या मशीनवर, आणि पुण्यात बसून माऊस फिरव." हा सल्ला गेल्या वर्षभरात मला किमान दहा जणांनी दिला असेल. सगळे आपल्याच धंद्यातले. आणि गंमत अशी की यातला प्रत्येकजण सोमवार ते शुक्रवार स्वतः काळ्या पडद्यासमोरच बसलेला असतो. हिंजवडी घ्या, खराडी घ्या, मगरपट्टा घ्या. क्लायंटचा सर्व्हर अमेरिकेत असो की जर्मनीत, ही मंडळी एसएसएच करून आत शिरतात, चार ओळी लिहितात, लॉग वाचतात, बाहेर पडतात. त्या सर्व्हरवर कुणी माऊस फिरवायला गेला तर टीममध्ये त्याचं हसं होईल. पण विषय गावाकडच्या कॉम्प्युटरचा निघाला की याच लोकांना एकदम सामान्य माणसाचा कळवळा येतो. "अरे, त्यांना नाही जमणार ते टर्मिनल वगैरे."

म्हणजे खरं हत्यार क्लायंटसाठी आणि खुळखुळा आपल्या माणसांसाठी! माझं भांडण याच्याशी आहे. हा कळवळा नाही, ही तुच्छता आहे, आणि ती आपण इतकी सहज करतो की लक्षातही येत नाही.

आधी मामला काय आहे ते सांगतो. राधानगरी तालुक्यात एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. अनुदानाच्या हप्त्यांवर आणि वर्गणीवर चालणारं. (अ, ब, क, ड या वर्गवारीत त्याचा क्रमांक कुठे असेल ते ओळखा.) तिथे पाच जुने कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकी चार जीबी रॅमचे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही नवा लागतो. म्हणजे चालू स्थितीतली पाच यंत्रं एका तारखेने भंगारात जाणार होती. नव्या पाच मशीनचे पैसे वाचनालयाकडे नाहीत, आणि असते तरी ते आधी पुस्तकांवर खर्च व्हायला हवेत. तर त्या पाचांवर डेबियन चढवलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. माझी भाची तिथे ग्रंथपाल, लेखनिक, झाडलोट आणि इतर सर्व काही आहे. ती बी.ए. आहे, कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण एमएस-सीआयटी एवढंच.

आता राधानगरीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं. वाचनालयात केबलचं इंटरनेट नाही, एका मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं. दाजीपूरच्या बाजूला सरकावं तशी रेंज गवा रेड्यासारखी, दिसली तर दिसली. आणि पुण्याहून जाऊन बघावं म्हटलं तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीपाशी पाण्याखाली गेला होता. अशा ठिकाणचं मशीन लांबून सांभाळायचं आहे, आणि सल्ला काय, तर चित्र पाठव!

हिशेबच मांडू. १३६६ गुणिले ७६८ चा साधा पडदा घेतला तर त्यावर १०,४९,०८८ ठिपके. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका पूर्ण चित्राला ३१ लाखांवर बाइट लागतात, म्हणजे ढोबळ तीन एमबी. टर्मिनलचा जुना मापाचा पडदा ८० गुणिले २४, म्हणजे १९२० अक्षरं. दिवसाचा नेटपॅक संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, सेकंदाला आठ हजार बाइट. त्या वेगाने तो पूर्ण पडदा यायला साडेसहा मिनिटं लागतात, आणि टर्मिनलचा पडदा यायला पाव सेकंद.

हा हिशेब थोडा अन्यायाचा आहे हे मान्य. व्हीएनसी असो की आरडीपी, कुणीही दरवेळी अख्खं चित्र पाठवत नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच, तोही दाबून-चेपून पाठवतात. पण एक मेनू उघडला, एक खिडकी सरकवली की बराच पडदा बदलतो. आणि खरी गोची वेगाची नाहीच, उशिराची आहे. तुम्ही जे चित्र बघताय ते तीन सेकंदांपूर्वीचं. तुम्ही 'रद्द करा'वर क्लिक करता, तोवर तिकडे खिडकी बदललेली असते आणि तुमचं क्लिक भलत्याच बटणावर पडतं. आंधळ्याने दुसऱ्याच्या ताटात हात घालावा तसा प्रकार. लिहिलेल्या ओळीचं तसं नसतं. ती उशिरा पोचली तरी जी लिहिली तीच पोचते. एंटर मारेपर्यंत काही घडत नाही.

आणि ओळ तर इंटरनेटशिवायही पोचते! हे आपल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. हॉटस्पॉट मेलेला असतो तेव्हाही साधा फोन बऱ्याचदा लागतो. मग आमचं असं चालतं (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, कारण फोनवर आम्ही त्या अशाच बोलतो, टाइप अर्थातच रोमनमध्ये होतात):

"सूडो, स्पेस, सिस्टिमसीटीएल, स्पेस, रिस्टार्ट, स्पेस, कप्स. स्पेलिंग सांगू?"

"सूडो येतंय मला मामा. कप्स सांगा."

"सी, यू, पी, एस."

"मारलं एंटर. काहीच आलं न्हाई."

"काहीच आलं नाही म्हणजे झालं. प्रिंट मार."

"थांबा, मी बघतो." (आमच्याकडे मुली 'मी बघतो'च म्हणतात, पुणेकरांनी लाल शाई आवरावी.) "आली की!"

पन्नास सेकंदांचं काम. हेच माऊसने करायचं तर फोनवर कसं सांगणार? "डावीकडे वर उंदराचं चित्र आहे ना, त्यावर क्लिक कर. मग सेटिंग्ज. नाही, दुसरं सेटिंग्ज. मग प्रिंटरचं चित्र.. करडं दिसतंय? मग त्याच्या खाली.." ज्यांनी आईवडिलांना फोनवर असं समजावलंय त्यांनी आपलं ब्लडप्रेशर आठवून बघावं. चित्र फोनवरून सांगता येत नाही. ओळ सांगता येते, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते. आणि तिकडून चूक आली तर तीही शब्दांतच येते. "ई, कोलन, अनेबल टू लोकेट पॅकेज" असं तिने वाचलं की मला इकडे बसून कळतं, नावात एखादं अक्षर चुकलं आहे किंवा आधी ॲप्ट अपडेट करायचं राहिलं आहे. आता तर ते तिलाही कळतं.

"पण कमांड लाईन सामान्य माणसाला झेपत नाही हो!" अस्सं? मग गावोगाव बॅलन्स बघायला स्टार, आकडे, हॅश असं डायल करत होते ते सगळे संगणकतज्ज्ञ होते का? बँकेच्या खात्यासाठी *९९# आहे, साध्या फोनवर, इंटरनेटविना चालणारं. नेमकी खूण लिहायची, पाठवायची, आलेलं उत्तर वाचायचं, पुढचा आकडा लिहायचा. ही कमांड लाईनच आहे. फक्त तिला कुणी तसं म्हणालं नाही म्हणून कुणी घाबरलं नाही. :)

आणि याचं याहून मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. १९९८ साली वारणेला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. वारणा खोऱ्यातली ७० गावं, गावोगावी केंद्रं, केंद्रात पीसी. त्या काळात देशभर गाजलेला प्रकल्प. पुढे २००७ च्या सुमारास संशोधकांनी जाऊन बघितलं तर त्या पीसींचा वापर मुख्यतः ऊस उत्पादकाचा हिशेब पाहणं, वजनाच्या पावत्या, खताची उचल असल्या मोजक्याच कामांसाठी होत होता. मग त्यांनी काही गावांत पीसीच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि तेच काम एसएमएसवर केलं. शेतकऱ्याने ठरावीक मजकूर धाडायचा आणि उत्तर मजकुरातच यायचं. चाललं. स्वस्तात चाललं आणि लोकांना आवडलं. हा प्रयोग करणारे संशोधक कुठले होते माहितेय? मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे, बंगळूरचे. माऊस आणि खिडक्या जगभर पोचवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी कोल्हापूर जिल्ह्यात येऊन शोध लावला की इथे एक ओळ पुरते.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. तो थोडा खरा आहे, पण लोक समजतात तसा नाही. 'ग्रेप', 'सूडो', 'ॲप्ट', 'एलएस' हे शब्द इंग्रजांनाही जन्मतः कळत नाहीत. ती नावं आहेत, पाठ करायची. एसटीच्या पाटीवर 'कोल्हापूर-राधानगरी' वाचणाऱ्याला जसा व्याकरणाचा प्रश्न पडत नाही तसंच. खरी अडचण आहे ती त्या नावांमागचा अर्थ मराठीत कुणी लिहून ठेवत नाही ही. पुण्यात रेड हॅटचं मोठं ऑफिस आहे, सी-डॅक १९८८ पासून आहे, लिनक्स ज्यांच्या रोजच्या जेवणात आहे असे हजारो मराठी इंजिनिअर आहेत. आणि मराठीत 'डिस्क भरली तर काय करायचं' हे सांगणारं सरळ, चालणारं एक पान शोधायला गेलं तर घाम फुटतो. आपणच लिहीत नाही आणि वर म्हणतो त्यांना जमणार नाही.

एमएस-सीआयटीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेतो. २००१ पासून लाखो मराठी पोरांनी तो कोर्स केला आणि माऊस धरायची भीती गेली हे त्याचं श्रेय. पण शिकवलं काय, तर कुठे क्लिक करायचं. मग ऑफिस २००७ आलं, मेनू जाऊन रिबन आली, आणि 'फाइलमध्ये जा, मग तिसरा पर्याय' अशा लिहून घेतलेल्या वह्या एका रात्रीत रद्दीत गेल्या. 'एलएस' ही कमांड युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत होती. आजही आहे, तेच करते. गरीब माणसाने शिकण्यात घातलेला वेळ हेच त्याचं भांडवल असतं. ते दर पाच वर्षांनी बुडणाऱ्या पतपेढीत ठेवायचं की टिकणाऱ्या ठिकाणी, एवढाच प्रश्न आहे.

आता सॉफ्टवेअर चढवण्याबद्दल. इथे मला आपल्याच, म्हणजे लिनक्सवाल्यांच्याही कानाखाली एक वाजवायची आहे. कुणी काही विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं, "ही ओळ टर्मिनलमध्ये पेस्ट कर." ओळ काय, तर कुठल्याशा साइटवरून स्क्रिप्ट ओढायची आणि न वाचता सरळ रूटच्या अधिकाराने चालवायची. कर्ल, पाइप, सूडो बॅश! हे म्हणजे दारात आलेल्या अनोळखी माणसाला तिजोरीची किल्ली देऊन 'तुमचं काय ते बघून घ्या' म्हणणं. रिमोट डेस्कटॉपच्या ॲपला नावं ठेवायची आणि स्वतः हे करायचं, याला काय अर्थ आहे?

डेबियनची पद्धत बघा. ॲप्ट १९९८-९९ पासून आहे. ॲप्ट इन्स्टॉल म्हटलं की ते डेबियनच्या भांडारातूनच वस्तू आणतं, भांडाराची यादी डिजिटल सहीने तपासतं, यादीतल्या ठशाशी फाइल जुळवून बघतं, आणि अमक्याला आणखी काय लागतं ते स्वतः गोळा करतं. वाचनालयाचं सॉफ्टवेअर कोहा घ्या. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी बनलेलं, २००० सालापासून वापरात, आणि नावाचा अर्थ माओरी भाषेत 'भेट'. कोहाचं भांडार आणि त्याची किल्ली एकदा जोडली की पुढे कोहा-कॉमन नावाचं पॅकेज ॲप्टनेच बसतं. यात डाउनलोडचं हिरवं बटण खरं कुठलं आणि जाहिरातीचं कुठलं हा प्रश्नच उरत नाही, आणि जिल्ह्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून पेन ड्राइव्हवरून जे काही रोग फिरतात त्यांचाही संबंध नाही.

आणि नोंद राहते! काय बसवलं, कधी, कुठल्या कमांडने, हे व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरातल्या हिस्टरी फाइलमध्ये उतरतं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे दाखलनोंद रजिस्टरच की." अगदी बरोबर. पुस्तक आलं की दाखलनोंद, सॉफ्टवेअर आलं की दाखलनोंद. वाचनालयाच्या सचिवांनी विचारलं, 'तुझ्या मामाने काल मशीनवर काय केलं', तर दाखवायला कागद आहे. माऊस फिरवून गेलेल्या माणसाची कुठली नोंद? लिनक्स येण्याआधी या मशीनची देखभाल करणारा जो कुणी होता, त्याने पाचही मशीनवर लांबून आत येण्याचं ॲप कायमचं चालू ठेवलं होतं, पाचांना एकच पासवर्ड, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला. तो शेवटचा कधी आत आला होता आणि काय करून गेला, हे सांगणारं कुणी नव्हतं.

या ॲपांची दुसरी बाजू तर आता घरोघर माहीत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कच्या नावाने सावध केलं होतं. भामटा फोन करतो, ॲप टाकायला लावतो, नऊ आकडी कोड विचारतो, आणि मग तुमच्याच फोनवरून तुमचे पैसे जातात. पुढे 'आज रात्री तुमची वीज तोडणार' असे मेसेज आले, त्यातही शेवटी ॲपच टाकायला लावायचे. महावितरणला लोकांना सावध करावं लागलं. ॲप बनवणारे चोर नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण गावात कुणाला जर आपण शिकवलं की 'ओळखीच्या माणसाने सांगितलं की ॲप टाकायचं, कोड सांगायचा आणि हात बांधून बसायचं', तर आपण भामट्याची अर्धी तयारी करून ठेवतोय. शिवाय यात तुमच्या आणि त्या मशीनच्या मध्ये तिसऱ्या कंपनीचा सर्व्हर असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कने आणि जूनमध्ये टीमव्ह्यूअरने आपापल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. तेव्हा त्यांच्या ग्राहकांच्या हातात बातमी वाचण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

एसएसएच तरी सोवळ्यातली आहे का? नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीत विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले म्हणून टाटू युलोनेनने ती लिहिली, १९९९ पासून ओपनएसएसएच आलं, आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या साध्या दाबणी-लायब्ररीतून तिच्यातच चोरदरवाजा घालायचा डाव उघडा पडला. कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो हात धुऊन मागे लागला. उघड्यावर असलेल्या गोष्टीत खोट काढता येते ती अशी. आणि ती खोट डेबियनच्या चाचणीच्या फांद्यांत सापडली, राधानगरीत चालणाऱ्या 'स्टेबल'पर्यंत पोचली नव्हती. डेबियन फार हळू चालतं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

तर मग मी करतो काय, ते थोडक्यात. मोबाईलच्या इंटरनेटवर बाहेरून आत फोन लावता येत नाही, कारण शेकडो ग्राहक कंपनीच्या एकाच पत्त्यामागे असतात. म्हणून वाचनालयाचं मशीन स्वतःहून माझ्या एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरला वायरगार्डचा बोगदा जोडतं. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. त्या बोगद्यातून मी आत जातो, फक्त किल्लीने. पासवर्डने लॉगिन बंद, रूटला बंदी. रेंज फार लपंडाव खेळत असेल तर एसएसएचच्या जागी मॉश. हे एमआयटीतून २०१२ मध्ये आलेलं पोरगं फार गुणी आहे. मध्ये अर्धा तास रेंज गेली तरी जोडणी तुटत नाही, आली की जिथे होतो तिथून पुढे, आणि उशीर होत असेल तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर अंदाजाने आधीच दाखवतं, खाली रेघ मारून. आत गेल्यावर पहिलं काम टीमक्स उघडायचं. नाहीतर अपडेट अर्धवट असताना जोडणी तुटली की ॲप्टचाही गळा घोटला जातो आणि मग डीपीकेजीला चुचकारत बसा. टीमक्समध्ये असेल तर मी असलो-नसलो तरी काम तिकडे चालू राहतं.

सुरक्षेचे अपडेट तर मी करतही नाही. अनअटेंडेड-अपग्रेड्स म्हणून पॅकेज आहे, ते आपलं आपण करतं. हे समजावताना भाचीला मला फार लांबचं उदाहरण द्यावं लागलं नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पातळीला आलं की दाबाने दार उघडतं, एकेका दारातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत. पातळी उतरली की मिटतं. कोल्हापूरहून साहेब येऊन बटण दाबेल याची वाट ते दार बघत नाही. दर पावसाळ्यात पेपरात 'दरवाजा उघडला' अशी बातमी येते, 'उघडण्यात आला' अशी नव्हे. यंत्र सांभाळणं म्हणजे हे. लांबून पडद्याकडे टक लावून माऊस फिरवणं म्हणजे सांभाळणं नाही, ती राखण झाली.

आता तुम्ही म्हणाल, कधीतरी चित्र बघावं लागतच असेल की! लागतं. मराठी कीबोर्डची मांडणी बिघडली, जोडाक्षरं भलतीच दिसायला लागली, लिबरऑफिसमध्ये समासाचं काही झालं, तर तिच्या डोळ्यांना जे दिसतंय ते मला दिसायला हवं. मी रिमोट डेस्कटॉपचा शत्रू नाही. तोही कमांड लाईनवरून चालवा, एवढंच म्हणणं आहे. मी एसएसएचने आत जाताना तिकडचा ५९०० हा पोर्ट माझ्या मशीनवर ओढून घेतो, आणि तिकडे एक्सइलेव्हनव्हीएनसी चालवतो, 'लोकलहोस्ट' असं सांगून. म्हणजे बाहेरच्या जगाला तो दिसतच नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण व्हीएनसीचा जुना पासवर्ड पहिली आठच अक्षरं बघतो आणि चित्र उघड्यावरून धाडतो. एसएसएचच्या बोगद्यात असलं की दोन्ही दुखणी झाकली जातात. आणि या एक्सइलेव्हनव्हीएनसीची एक सवय मला फार आवडते. वेगळं सांगितलं नाही तर पाहुणा बाहेर पडला की ते स्वतः बंद होतं. दार उघडं ठेवायचं असेल तर मुद्दाम 'फॉरेव्हर' लिहावं लागतं. कायम चालू राहणाऱ्या ॲपच्या बरोबर उलटं. (ज्यांच्याकडे वेलँडवाला नवा नोम आहे त्यांच्यासाठी नोमचंच आरडीपी आहे, आणि मार्च २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीपासून त्यात लांबून लॉगिनही होतं. आमची जुनी मशीन एक्सएफसीईवर सुखी आहेत.)

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. बोगद्याचा चाप कुणाच्या हातात? तिच्या. वायरगार्ड बंद करायची ओळ मी तिला पहिल्याच दिवशी दिली, तिने तिला टोपणनाव ठेवलं 'मामाबंद'. टर्मिनलमध्ये 'मामाबंद' लिहून एंटर मारलं की मी बाहेर. कार्यकारिणीची बैठक असेल, कुणाचे कागद स्कॅन होत असतील, तेव्हा ती ते मारते आणि मला सांगतही नाही. सांगायचं कारणच नाही, मशीन वाचनालयाचं आहे.

माझ्या मित्रांना हेच पटत नाही. त्यांच्या डोक्यात मदत म्हणजे 'तू बाजूला हो, मी करतो.' रिमोट डेस्कटॉप या वृत्तीला फार सोयीचा आहे. पलीकडचा माणूस हात मांडीवर ठेवून बघत बसतो, बाण आपोआप फिरतो, काहीतरी होतं, काय झालं ते कळत नाही, पुढच्या वेळी पुन्हा फोन. दहा वर्षं झाली तरी तो माणूस तिथेच. मदत करणाऱ्यालाही ते आवडतं, मोठेपणा मिळतो. अमेरिकेतल्या क्लायंटच्या इंजिनिअरला तुम्ही असं बाजूला व्हायला सांगाल का? त्याला तुम्ही नीट चार ओळी लिहून पाठवता, कुठली कमांड, का, आणि उलट फिरवायची कशी. तेवढा मान राधानगरीच्या ग्रंथपालाला का नाही?

भाचीकडे आता एक शंभरपानी वही आहे. तीत बावीस ओळी आहेत. डावीकडे कमांड, उजवीकडे तिच्या शब्दांत अर्थ. 'डीएफ डॅश एच: डिस्कवर जागा किती उरली. नव्वद टक्क्यांवर गेलं की जुने स्कॅन हलवायचे.' 'एलपीस्टॅट डॅश टी: प्रिंटर रुसलाय का बघायचं.' 'कॅन्सल डॅश ए: अडकलेले सगळे प्रिंट काढून टाकायचे, आधी कुणाचं काही आहे का विचारायचं.' स्लॅशच्या पुढे तिने कंसात लिहिलंय, 'प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा.' हे शेवटचं टिपण मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही, आणि फोनवर सर्वांत जास्त वेळ तिथेच जायचा.

पलीकडच्या गावातल्या वाचनालयाचे सचिव परवा तिच्याकडे आले होते. त्यांचंही विंडोजचं तेच दुखणं. त्यांनी विचारलं, "मामाचं ते लांबून बघायचं ॲप कुठलं, आम्हालाबी द्या की." तिने वहीची झेरॉक्स दिली. मला ती झेरॉक्स व्हॉट्सॲपवर आली तेव्हा पाहिलं, सतराव्या ओळीतली माझी लांबलचक कमांड खोडून तिने स्वतःची छोटी लिहिली आहे. मी चालवून बघितली. चालते.